जुन्या ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स खोलण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कृषी पुरवणीत अलीकडेच जुन्या ट्रॅक्टरांच्या देखभालीविषयी एक सविस्तर लेख आला होता. इंजिन, डिझेल फिल्टर आणि रेडिएटर यांविषयी त्यात दिलेला सल्ला अनुभवी माणसाचा होता, हे वाचताना जाणवले. गिअर बॉक्सच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले आणि त्याचा आशय असा होता की, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स वाजू लागला की दुरुस्तीत पैसे न घालता तो मोडीत द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा निदेशक म्हणून माझी सारी नोकरी झाली आणि घरी १९७१ सालचा ट्रॅक्टर अजून चालता आहे, म्हणून या एका वाक्यावर हे पत्र लिहीत आहे. गिअर बॉक्सचा आवाज ही तक्रार असते, निदान नसते. निदान न करता ट्रॅक्टर खोलणे आणि निदान न करता भंगारात देणे या दोन्ही चुका आमच्या भागात सर्रास होताना मी पाहतो.

आमचा ट्रॅक्टर बी-२७५ आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील कारखान्यात १९५८ पासून हे मॉडेल तयार होत असे. पुढे महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि १९६५ पासून मुंबईत कांदिवलीला बनलेले बी-२७५ शेतकऱ्यांच्या हाती येऊ लागले. पस्तीस अश्वशक्ती, पुढे ८ आणि मागे २ गिअर, शिवाय डिफरन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) बांधून ठेवणारा लॉक. महाराष्ट्रात अनेक गावांत हा ट्रॅक्टर कोणाच्या तरी गोठ्याशेजारी आजही उभा दिसतो. वडिलांनी तो वापरलेलाच विकत घेतला तेव्हा मी शाळेत होतो.

दोन वर्षांपूर्वी रब्बीच्या नांगरटीत त्याच्या गिअर बॉक्समधून घुरघुर येऊ लागली. मी तेव्हा पुण्याला मुलाकडे होतो, म्हणून पुतण्याने ट्रॅक्टर तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये नेला. तेथील मिस्त्रीने ट्रॅक्टर अंगणातच एक फेरी मारून पाहिला आणि गिअरचा पूर्ण सेट गेला असून शाफ्टसह सगळे बदलावे लागेल, साठ हजारांच्या खाली काम होणार नाही, असे सांगितले. जोडीला, एवढे घालण्यापेक्षा विकून टाका, असा सल्लाही दिला आणि गिऱ्हाईक आपणच आणतो म्हणाला. पुतण्याने मला फोन केला. मी त्याला एवढेच सांगितले की, मी येईपर्यंत एकही बोल्ट सैल होऊ देऊ नकोस.

खोलण्याआधी करायच्या गोष्टी फारशा अवघड नाहीत आणि त्यांना पैसा लागत नाही. इंजिन चालू ठेवून ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा करावा, पीटीओ (अवजारांना इंजिनची ताकद देणारा मागचा शाफ्ट) बंद असावा आणि क्लचवरून पाय पूर्ण काढलेला असावा. या स्थितीत त्या काळच्या साध्या, सरकत्या गिअरच्या बॉक्समध्ये इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट, त्याच्याशी कायम जुळलेली गिअरची जोडी आणि खालचा काउंटर शाफ्ट एवढेच फिरत असते. आता क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे, कारण शाफ्ट लगेच थांबत नाहीत. क्लच दाबताच आवाज विरून गेला तर दोष या फिरत्या भागांत आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर गिअर बॉक्सला हात लावण्याचे कारणच उरत नाही. तो आवाज क्लचच्या रिलीज बेअरिंगचा किंवा इंजिनच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, बसलेल्या पायलट बेअरिंगचा असतो. रिलीज बेअरिंगवर क्लच दाबल्यावरच भार येतो आणि पायलट बेअरिंगच्या आतला शाफ्ट थांबून बाहेरचे फ्लायव्हील फिरत राहिले तरच ते वाजते. या एका चाचणीवाचून गिअर बॉक्स खोलले गेल्याची उदाहरणे माझ्या विद्यार्थ्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहेत की, वर्गात मी ती चाचणी पहिल्याच दिवशी करून दाखवत असे.

त्यानंतर पीटीओ घालून आणि काढून, हायड्रॉलिकचे लिव्हर वरखाली करून आवाजात फरक पडतो का, हे ऐकावे. हायड्रॉलिक पंपाची कुरकुर गिअर बॉक्सच्या माथी मारली जाते, हेही नेहमीचे आहे.

यापुढची तपासणी शेतात किंवा मोकळ्या रस्त्यावर करावी लागते. बी-२७५ चे आठ गिअर म्हणजे प्रत्यक्षात चार गिअर आणि हाय-लो अशा वेगाच्या दोन पट्ट्या आहेत, आणि निदानाच्या दृष्टीने ही रचना मोठी सोयीची आहे. समजा, लो पट्टीत दुसरा गिअर टाकल्यावर आवाज येतो. मग हाय पट्टीत तोच दुसरा गिअर टाकून पाहावा. तेथेही तोच आवाज आला आणि पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमध्ये आला नाही, तर दोष दुसऱ्या गिअरच्या जोडीत आहे. लो पट्टीतील चारही गिअरमध्ये आवाज आहे आणि हाय पट्टीत एकातही नाही, तर दोष हाय-लोच्या जोडीत आहे. आठही गिअरमध्ये सारखाच आवाज असेल तर तो एखाद्या गिअरचा असण्याची शक्यता फार कमी राहते, मग सगळ्यांना सामाईक असलेल्या बेअरिंगकडे, शाफ्टकडे किंवा मागच्या क्राऊन-पिनियनकडे, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या गिअरच्या जोडीकडे, वळावे. मी विद्यार्थ्यांना कागदावर आठ चौकोन आखायला लावून प्रत्येकात आवाज असल्या-नसल्याची फुली मारायला सांगत असे. फुल्यांचा आकार पाहूनच दोषाची जागा बहुधा कळते.

आवाजाची जातही ऐकावी लागते. सलग घुरघुर बहुधा बेअरिंगची असते, आणि आमच्याकडचे मिस्त्रीही ‘बेअरिंग वाजतंय’ असेच म्हणतात. वेगाबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी झिजलेल्या किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या दातांची असते. ठरावीक अंतराने येणारी टक-टक, जी वेग कमी केला की मोजता येईल इतकी संथ होते, ती तुटलेल्या दाताची खूण आहे, कारण तो दात फेऱ्यात एकदाच समोर येतो. सरळ जाताना शांत असलेला ट्रॅक्टर वळताना खडखडला तर डिफरन्शियलमधील स्टार गिअर पाहावेत, सरळ रेषेत ते आपल्या अक्षावर फिरतच नाहीत. भार ओढताना एक आवाज आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा, असे झाले तर क्राऊन-पिनियनमधील मोकळीक बिघडली आहे, अशी शंका घ्यावी.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. मागचा आवाज वेगळा काढण्यासाठी काही जण उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडतात. असे करू नये, जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक त्या भरवशाचे नसतात. त्याऐवजी सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, मागचा भाग जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) ठेवावा आणि इंजिन बंद असताना चाके हाताने फिरवावीत. गिअर टाकलेला असेल आणि डिफरन्शियल लॉक सुटलेला असेल तर एक चाक फिरवल्यावर दुसरे उलट दिशेने फिरते. या फिरण्यात हाताला अडथळा, कचकच किंवा झटका जाणवला तर तो डिफरन्शियलच्या बाजूचा आहे.

मी गावी आल्यावर या सगळ्या चाचण्या पुतण्याकडूनच करवून घेतल्या. न्यूट्रलमध्ये घुरघुर होती, क्लच दाबताच ती जात होती, आठही चौकोनांत फुली होती आणि मागची चाके हाताने मऊ फिरत होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक गिअर बॉक्सच्या बाहेरून ठिकठिकाणी टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, तेव्हा आवाज सर्वांत मोठा पुढच्या बाजूला, खालच्या शाफ्टच्या रेषेत येत होता. हे स्टेथोस्कोप गरिबाचे असले तरी खोटे बोलत नाही, फक्त ते पंख्यापासून आणि फिरत्या पट्ट्यापासून लांब धरावे.

मग ऑइल सोडले. मिस्त्रीने येथून सुरुवात करायला हवी होती, असे माझे मत आहे. गिअर ऑइल गरम असताना स्वच्छ घमेल्यात सोडावे आणि उन्हात धरून पाहावे. प्लगला चुंबक असेल तर त्यावर करड्या लोण्यासारखा थर दिसतो. तो पातळ असेल तर तो वयाचा भाग आहे, त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. बोटांत चोळल्यावर अभ्रकासारख्या चंदेरी खपल्या लागल्या तर बेअरिंगचा पृष्ठभाग सुटत आहे. पिवळी चमक दिसली तर गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश किंवा वॉशर झिजत आहेत. टोकदार, जाड तुकडा निघाला तर तो दाताचा आहे, आणि अशा वेळी ट्रॅक्टर गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. आमच्या घमेल्यात दुधाळ ऑइल आणि भरपूर चंदेरी खपल्या होत्या, तुकडा एकही नव्हता. दुधाळ रंग पाण्याचा. गिअर लिव्हरच्या बुडाचा रबर बूट फाटलेला होता आणि शेड पडल्यापासून ट्रॅक्टर दोन पावसाळे उघड्यावर होता, म्हणजे दोष आमचाच होता.

वरचे झाकण काढून पाहिले तेव्हा पहिल्या आणि मागच्या गिअरच्या दातांची टोके गोल झालेली दिसली. चालत्या ट्रॅक्टरमध्ये गिअर ढकलण्याच्या पन्नास वर्षांच्या सवयीने ती झाली, त्याने गिअर टाकताना कुरकुर होते, घुरघुर होत नाही. दातांच्या कामाच्या पृष्ठभागावर खड्डे नव्हते, निळसर जळकट छटा नव्हती. खालचा शाफ्ट मात्र पान्याने हलवला की वरखाली होत होता. ज्या सेटसाठी साठ हजार सांगितले गेले, त्यातला एकही गिअर बदलण्याजोगा नव्हता.

शाफ्ट काढण्यासाठी ट्रॅक्टर क्लच हाउसिंगपासून मधून वेगळा करावा लागला. येथे एक बारकावा आहे, जो न पाळल्याने अपघात होतात. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर डुलता असतो. त्यामुळे मागचा भाग सुटला की इंजिनासह पुढचा भाग कुशीवर कलंडू शकतो. म्हणून बोल्ट सोडण्याआधी ॲक्सल आणि त्यावरील बैठक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात आणि मगच पुढचे काम करावे.

निघालेले बेअरिंग डिझेलने धुऊन पाहिले तेव्हा कथा उलगडली. आतल्या कडीवर छर्ऱ्यांच्या अंतराअंतराने गंजाचे डाग होते आणि त्याच जागी पृष्ठभाग सोललेला होता. पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरमध्ये छर्रे जेथे टेकले होते, तेथे पाणी साचून गंज धरला आणि नांगरटीचा भार येताच त्या डागांतून खपल्या सुटू लागल्या. कामाने झिजलेले बेअरिंग सगळीकडे सारखे झिजते. हे काम न करता बिघडले होते.

आता सुट्या भागांविषयी, कारण ‘जुन्या ट्रॅक्टरचे पार्ट मिळत नाहीत’ हे वाक्य फार ऐकू येते. गिअरच्या बाबतीत ते काही अंशी खरे आहे. बेअरिंगच्या बाबतीत मात्र ते खरे नाही. बेअरिंगच्या कडीवर कोरलेला क्रमांक ट्रॅक्टरच्या कंपनीचा नसतो, तो जगभर समान असतो. उदाहरणार्थ ६२०८ असा क्रमांक असेल तर शेवटच्या ०८ ला पाचाने गुणले की आतला व्यास ४० मिलिमीटर मिळतो, आणि या क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ८० व रुंदी १८ मिलिमीटरच असते, मग ते कोणत्याही यंत्रातील असो. टेपर बेअरिंगची क्रमांकपद्धती वेगळी आहे आणि इंग्लंडच्या मूळ रचनेत काही मापे इंचांतही सापडतात, पण क्रमांक वाचता आला तर दुकानदार ते देऊ शकतो. क्रमांक पुसला गेला असेल तर व्हर्निअरने तीन मापे घ्यावीत. नामांकित नावांच्या नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे, म्हणून तेवढी खरेदी बिलासह, अधिकृत विक्रेत्याकडून करावी. ट्रॅक्टरच्या पार्टचे दुकान आणि बेअरिंगचे दुकान यांच्या भावांतील फरक वाचकांनी स्वतः विचारून पाहावा.

बसवताना बेअरिंग हातोड्याने ठोकणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर घाव घातला की तो धक्का छर्ऱ्यांमधून आतल्या कडीपर्यंत जातो आणि नव्या कोऱ्या बेअरिंगवर पहिल्याच दिवशी खळगे पडतात. मग तेच गॅरेज ‘नवीन मालही हल्ली असाच येतो’ असे सांगते. बेअरिंग तेलात सुमारे शंभर अंश सेल्सिअसपर्यंत गरम केले तर ते हाताच्या दाबाने शाफ्टवर सरकते. तेलाचे भांडे सरळ ज्योतीवर न ठेवता वाळूच्या थरावर ठेवले आणि साधा तापमापक वापरला तर हे काम घरीही होते.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. बेअरिंगच्या झाकणाखाली निघालेले शिम (धातूच्या पातळ चकत्या) आणि कागदी पॅकिंग हे केवळ ऑइल अडवण्यासाठी नसतात. त्यांच्या जाडीवर शाफ्टची पुढे-मागे होणारी मोकळीक ठरते. जुने पातळ पॅकिंग फेकून हाताला लागेल त्या जाड कागदाचे कापले, तर चांगल्या बेअरिंगसह गिअर बॉक्स पुन्हा वाजू लागतो. आम्ही जुने पॅकिंग मायक्रोमीटरने मोजले आणि त्याच जाडीचा कागद साताऱ्याहून आणला. बाकी जोडणी उलट क्रमाने झाली, त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. दोन बेअरिंग, ऑइल सील, पॅकिंग, नवा रबर बूट, ऑइल आणि मदतनिसाची मजुरी धरून खर्च नऊ हजारांच्या आत राहिला.

ऑइलविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण आवाज दाबण्याचा सोपा मार्ग म्हणून तेथेच हात घातला जातो. ९० ग्रेडच्या जागी १४० ग्रेडचे ऑइल भरले की आवाज काही दिवस बसतो, पण घट्ट ऑइल थंडीत बेअरिंगपर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि झीज वाढतच राहते. पूर्वी ट्रॅक्टर विकताना ऑइलमध्ये लाकडाचा भुसा कालवणारे महाभाग होते. जुना ट्रॅक्टर घेताना गिअर ऑइल बोटावर घेऊन चोळून पाहावे, असे मी त्यामुळेच सांगतो. दुसरी चूक सदिच्छेने होते. दुकानदार ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ दर्जाचे ऑइल देतो. त्यातील गंधक-फॉस्फरसची द्रव्ये पोलादी क्राऊन-पिनियनला जपतात, मात्र जुन्या बॉक्समधील गनमेटलच्या बुशांना कालांतराने खातात. जेथे पिवळ्या धातूचे भाग आहेत तेथे पुस्तिकेत सांगितलेला दर्जाच वापरावा, आणि पुस्तिका नसेल तर जीएल-४ वर थांबावे.

दुरुस्तीचा सर्वांत घातक प्रकार मात्र वेल्डिंगचा आहे. तुटलेल्या दातावर वेल्डिंगने धातू भरून तो ग्राइंडरने घासून देणारी दुकाने जिल्ह्यात अनेक ठिकाणी आहेत. गिअरचा दात बाहेरून काचेसारखा कठीण आणि आतून चिवट असतो, आणि ही कठीण साल साधारण मिलिमीटरभर जाडीची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने भरलेल्या दाताचीच नव्हे, तर शेजारच्या दातांचीही ही साल मऊ पडते. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने असा दात भरून घेतला. ऊस वाहताना तो निखळला, दोन गिअरच्या मध्ये सापडला आणि हाउसिंगची बाजू फोडून बाहेर आला. ज्या ट्रॅक्टरला एक जुना गिअर पुरला असता, तो मग खरोखर भंगारात गेला. दात तुटला असेल तर जुन्या बाजारात त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरमधून गिअर शोधावा, आणि शक्य असेल तर तो एकटा न घेता त्याच्यासोबत चाललेल्या जोडीदारासह घ्यावा, कारण नवा आणि झिजलेला गिअर एकत्र आले की शिट्टी घालतात. क्राऊन आणि पिनियन तर कारखान्यातच जोडीने घासून जुळवलेले असतात, त्यांची ताटातूट कधीही करू नये.

लेखकाच्या सल्ल्यात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. हाउसिंगमधील बेअरिंगची बैठकच अंडाकृती झाली असेल, ओतीव बीडाला तडा गेला असेल किंवा क्राऊन-पिनियनचा सेट गेला असून जोडी कोठेच मिळत नसेल, तर हिशेब बदलतो. बैठक बोअर करून त्यात स्लीव्ह बसवणारे कसबी कारागीर कोल्हापूर, पुण्याकडे आहेत, पण हे काम ट्रॅक्टर किती वापरात आहे ते पाहूनच हाती घ्यावे. हा निर्णयसुद्धा झाकण उघडल्यावरचा आहे, अंगणातल्या एका फेरीवरचा नाही.

आपल्याकडे एक विनंती आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे दोन्ही अभ्यासक्रम चालतात, पण सरकत्या गिअरचा जुना बॉक्स हाताळणारे निदेशक निवृत्त होत चालले आहेत आणि मूळ पुस्तिका इंग्रजीत, तीही रद्दीच्या दुकानांत सापडतात. आपल्या पुरवणीने नांगरटीच्या आधीच्या एखाद्या अंकात वर सांगितलेला आठ चौकोनांचा तक्ता आणि क्लचची चाचणी चित्रांसह छापावी. चित्रे काढून देण्याची माझी तयारी आहे. ज्यांच्याकडे जुन्या पुस्तिका असतील, त्यांनी त्या रद्दीत न देता जवळच्या प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात द्याव्यात, असे आवाहनही सोबत छापता येईल.

आमच्या ट्रॅक्टरचे ऑइल पहिल्या पन्नास तासांनंतर पुन्हा सोडून पाहिले. चुंबकावर पातळ करडा थर होता, खपली नव्हती. शेडचे पत्रे मात्र अजून बसायचे आहेत, तोवर लिव्हरवर ताडपत्रीचा तुकडा बांधला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
ता. कोरेगाव, जि. सातारा